बोल्टवरची पांढरी रेघ

गाडी थंड आहे का, ते तिने सगळ्यात आधी पाहिलं. जनावरांच्या डॉक्टरांनी शेडचं दार सरकवलं, ताडपत्री ओढली आणि ते गाडीचं कौतुक सुरू करणार, तोच तिने पुढे होऊन इंजिनावर तळहात टेकला. गार होतं. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी गुपचूप चालू करून तापवलेलं नव्हतं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, बाई, तुम्हाला कोणीतरी पढवून पाठवलेलं दिसतंय.

पढवून कोणी पाठवलं नव्हतं; घरी कोणाला पत्ताही नव्हता. पण टू-स्ट्रोक मोटरसायकलींच्या वेडाने झपाटलेल्या माणसाशी अर्धं आयुष्य संसार केला की भांडी घासता घासतासुद्धा बरंच काही कानांवर पडतं. तिने हँडल दाबून पुढचे शॉकअप तेल सोडतायत का ते पाहिलं, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, साखळीच्या चक्राचे दाते एकेक करून चाचपले. चाचपण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, आणि गल्लीत तिला सगळे दातवालीच म्हणायचे, तेही तोंडावर.

डॉक्टरांनी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी खोकली, तिसरीला उठली, आणि मागून निळसर धूर निघाला. तो वास आला मात्र, तिला भरून आलं. पेट्रोलमध्ये कालवलेल्या ऑइलचा तो गोडसर, जरासा जळका वास म्हणजे तिच्या घरचा रविवार होता. घासाघीस करायचं ती ठरवून आली होती, पण जीभ रेटेना. डॉक्टरांचं पोट पुढे आलं होतं, गाडी उंच होती, त्यांना ती जायलाच हवी होती. तरी दोन्हीकडून कोणी ताणलं नाही. व्यवहार असा झाला की नंतर नणंदेने कपाळावर हात मारला.

गाडी नणंदेच्याच व्हॅनमधून आली. नणंदेची बेकरी होती, आणि व्हॅनमध्ये पावाचे ट्रे लावायच्या फळ्या काढून गाडी आडवी-तिडवी कशीबशी बसवली. “वहिनी, उद्याच्या पावाला पेट्रोलचा वास आला ना, तर सगळी गिऱ्हाइकं तुझ्याकडे पाठवीन,” असं बजावत ती व्हॅन हाकत होती. मागे ताज्या पावाचा आणि जुन्या धुराचा वास एकमेकांत मिसळला होता. दातवालीला त्या वासात गुंगी आल्यासारखी झाली आणि डोळे मिटून ती गाडीतल्या गाडीत रानात जाऊन आली.

ते रान तिने पाहिलेलं नव्हतं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर इमारतींच्या पोटात वर-खाली लोंबकळायचा आणि रविवारी आपली टू-स्ट्रोक घेऊन रानात जायचा. ही गाडी रस्त्यावर मिरवायची नसते; ती दगडधोंडे, ओढे, चिखल, झाडांची मुळं तुडवायला बनवलेली असते. संध्याकाळी तो मानेपर्यंत चिखल घेऊन परतायचा. मग ती त्याच्या बुटांचा चिखल खरवडायची आणि तो तिला वाट सांगायचा. आधी बांबूंची दाटी, मग उतार, मग ओढ्यातला तो सपाट दगड ज्यावर चाक घसरतं, मग चढ, आणि चढावर एकदम उजेड. वर्षानुवर्षं ऐकून ती वाट तिला इतकी पाठ झाली होती की झोप लागायला लागली की ती त्याच वाटेवरून आत जायची.

लग्नाआधी त्याने तिला गाडी शिकवली होती, वीटभट्टीच्या रिकाम्या आवारात. तिचा हात हलका आहे असं तो चारचौघांत सांगायचा. पण पुढे लॅबमधली नोकरी लागली, त्याचं एकदा मनगट मोडलं, एकदा बरगडी, आणि घरात एकाचे तरी हातपाय धड हवेत म्हणून तिने गाडीचा नाद सोडला. त्याबद्दल तिने कधी कुरकुर केली नाही. कोणी विचारलंही नाही म्हणा.

मग मागच्या वर्षी तो एका सकाळी उठला तर खोली गरगर फिरत होती. साधा ताप होता, उतरलाही. पण जाताना डाव्या कानाच्या आतला तोल घेऊन गेला. सपाट जमिनीवर तो आता नीट चालायचा. मान झटकन वळवली किंवा पायाखाली उंचसखल आलं की मात्र भिंत शोधायचा. लिफ्टच्या बोगद्यात अशा माणसाला कोण उतरवणार? कंपनीने त्याला ऑफिसात फोनवर तक्रारी घ्यायला बसवलं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की व्यायामाने काहींचा तोल परत येतो, काहींचा येत नाही. तिने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्याकडे कानाडोळा केला. त्याने बहुधा दोन्ही ऐकली असावीत, कारण ती कामावर असताना त्याने आपली गाडी विकून टाकली. संध्याकाळी ती घरी आली तर पुढच्या खोलीत फरशीवर फक्त ऑइलचा डाग होता.

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती: त्याने परत गाडीवर बसावं. बाकी काही नको होतं. यंत्र डोळ्यांसमोर उभं राहिलं की शरीराला आपोआप आठवेल, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. हा काही वैद्यकीय विचार नव्हे, पण प्रेमात असले विचार करायला परवाना लागत नाही.

व्हॅनचं दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्यात चौकट धरून उभा होता. बहिणीने आणि बायकोने मिळून गाडी फळीवरून खाली उतरवली.  तो हळूहळू आला, एक हात सीटवर ठेवून गाडीभोवती फिरला, आणि खाली मान घालून विचारलं की घेताना इंजिन गार होतं ना. ती हो म्हणाली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. आनंदाने ते इतकं फुललं होतं की कोणालाही त्यापुढे दुसरं काही बोलणं जड गेलं असतं.

“चांगली आहे,” तो म्हणाला. “लावायला घेऊ.”

लावायची म्हणजे बसणाऱ्याच्या मापाची करायची. ही त्या मंडळींची पद्धत असते. गाडी विकत घेतली म्हणजे ती आपली झाली असं ते मानत नाहीत. हँडल किती पुढे, क्लचचा दांडा किती खाली, गिअरचा पाय किती वर, मागची स्प्रिंग किती ताठ, हे सगळं बसणाऱ्याच्या हाताच्या लांबीला आणि अंगाच्या वजनाला जुळलं की मग ती त्याची. दातवालीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कवळीचं तेच असतं.

मग सुरू झाल्या त्या संध्याकाळी. तो ऑफिसातून यायचा, चहा घ्यायचा आणि पुढच्या खोलीत बुटक्या स्टुलावर बसायचा. गाडी स्टँडवर उभी. एका पान्याची किणकिण, मग शांतता, मग दुसऱ्या पान्याची किणकिण. ती आत भाजी चिरत असायची आणि ते आवाज ऐकता ऐकता तिचे हात मंद व्हायचे. खिडकीतून उजेड पिवळा होत होत जायचा. घर इतकं हलकं वाटायचं की आपण सगळे जमिनीपासून बोटभर वर तरंगतोय असा तिला भास व्हायचा. मधूनच तो हाक मारायचा, “जरा इथे धर गं,” आणि ती ओले हात पदराला पुसून हँडल धरून उभी राहायची. तो पाना फिरवायचा, तिच्या कोपराकडे बघायचा, परत पाना फिरवायचा. काम करताना तो कुठेतरी बघत असतोच, असं तिला वाटायचं.

बोल्ट पक्का झाला की तो त्यावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचा, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत. ही लिफ्टवाल्यांची सवय. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं. ज्या दोरावर माणसं लोंबकळतात तिथे कोणी आपल्या आठवणीवर विसंबत नाही. रेघ जिथे जुळते तिथेच आपण घट्ट केलं होतं, विषय संपला.

पहिल्या काही दिवसांतच तिच्या लक्षात आलं की हँडल खाली आहे. फार खाली. तिचा नवरा ताडमाड उंच. त्याच्या जुन्या गाडीचं हँडल तिच्या छातीशी यायचं, आणि भिंतीवरच्या फोटोत तो तसाच उभा होता, हात ऐसपैस पसरून. या हँडलवर त्याला वाकून कुबड आलं असतं. क्लचचा दांडा इतका आत ओढलेला की त्याची लांब बोटं त्यात अडकली असती.  कान गेला तो गेला, आता हातही विसरले की काय?

त्याला सांगायचं तिच्या जिवावर आलं. किती दिवसांनी माणूस शीळ वाजवत होता. अशा वेळी लॅबमध्ये ती काय करायची? नवख्या मुलीने कवळीत एखादा दात उंच बसवला तर ती चारचौघांत बोलायची नाही. मुलगी घरी गेली की स्वतः घासून बरोबर करायची, आणि सकाळी मुलीला वाटायचं आपणच छान केलंय. तिने तेच केलं. उजाडताना, तो झोपेत असताना, ती पुढच्या खोलीत गेली, बोल्ट सैल केला, फोटोकडे बघत बघत हँडल वर उचललं, पुढे ढकललं आणि घट्ट केलं. पांढरी रेघ अर्थात तुटली. मग तिने ती स्पिरिटने पुसली आणि दातांवर छटा द्यायच्या आपल्या कुंचल्याने नवीन ओढली. नैसर्गिक दाताची नक्कल करणारा हात तो. नवऱ्याची रेघ काढणं त्याला काय अवघड? त्याची रेघ शेवटाला जराशी डावीकडे वळायची, तेही तिने वळवलं. आणि कामावर गेली, स्वतःवर खूश होऊन.

संध्याकाळी तिने आतून कान दिला. पान्याची किणकिण आली नाही, बराच वेळ. मग आली. दुसऱ्या दिवशी उजाडताना हँडल परत खाली होतं आणि रेघ नव्या जागी होती. तिने परत वर केलं, परत रेघ ओढली. मग गिअरचा पाय. मग क्लच. मागच्या शॉकअपसाठी त्याने हलक्या वजनाला चालणारी नरम स्प्रिंग मागवली तेव्हा तिने मनाशी म्हटलं, आजारपणात उतरलाय बिचारा, आणि स्वयंपाकात तुपाचा हात जरा सैल सोडला. त्या गाडीवर स्वतः बसून पाहावं असं तिला एकदाही सुचलं नाही. दुसऱ्याची कवळी कोणी आपल्या तोंडात घालून बघत नाही.

शीळ मात्र थांबली. तिने ती थांबल्याचं ऐकलं आणि कानाचं दुखणं वाढलं असेल असं समजली. जेवताना तो आपल्या हातांकडे बघत बसायचा. एकदा त्याने गॅस बंद केला का ते तीनदा जाऊन पाहिलं. एकदा नणंदेचा फोन आला, आणि तिने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं की दादा बरा आहे ना. कारण तो दुकानात आला होता आणि विचारत होता की बाबांना विसर पडायला लागला तेव्हा सुरुवात कशी झाली होती. दातवाली म्हणाली, काही नाही गं, सहज विचारलं असेल. फोन ठेवल्यावर तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना, पण का, ते अजूनही तिच्या नीट ध्यानात आलं नव्हतं. आपण चांगलंच करतोय अशी पक्की खात्री असलेल्या माणसाला उशिराच कळतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो स्टुलावर नव्हता, फरशीवर बसला होता, गाडीला टेकून. पाना शेजारी. पुढच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता.

“बस जरा,” तो म्हणाला. ती बॅग न उतरवता तशीच बसली.

“कानापुरतं नाहीये ते,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, फोनवर तक्रार नोंदवून घ्यावी तसा. “डोक्यातही काहीतरी गेलंय. मी हँडल खाली करतो, दुसऱ्या दिवशी ते वर असतं. आणि रेघ माझीच असते. माझी रेघ मी ओळखतो. म्हणजे मीच वर केलं, मीच रेघ मारली आणि मला आठवत नाही. रोज. मी ऑफिसात सांगणार आहे, फोनवरही मला ठेवू नका म्हणून. चुकून एखादी लिफ्ट अडकली आणि मी विसरलो तर?”

 इतके दिवस हा माणूस स्वतःच्या हातांना भीत बसला होता, आणि ती उजाडताना पाय न वाजवता येऊन त्याच्या भीतीला रंग देऊन जात होती.

“मी केलं ते,” ती म्हणाली. “सगळं मीच. रेघासुद्धा.”

त्याला पटेना. तिने उठून बॅगेतला कुंचला काढला, बोल्टवर त्याची रेघ ओढून दाखवली, शेवटी डावीकडे वळवून. तो त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय. रडतच होता, पण मधूनच हसतही होता. जीव भांड्यात पडला की माणसाचं असं होतं. तीही रडली. इतक्या दिवसांच्या भीतीबद्दल तिने त्याची माफी मागितली, आणि त्याने ती लगेच देऊन टाकली, कारण त्याला दुसरंच काही विचारायचं होतं.

“पण वर का करत होतीस?”

“तू चुकत होतास म्हणून. एवढा उंच माणूस तू. तुझ्यासाठी ते फार खाली होतं.”

“माझ्यासाठी नव्हतंच ते,” तो म्हणाला.

 त्याने भिंतीचा आधार घेतला, उठला, दिवा लावला. मग जे पहिल्या दिवशी उंबऱ्यात उभं राहून त्याला बोलता आलं नव्हतं ते त्याने सांगितलं. त्याचा तोल येणार नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच स्पष्ट सांगितलं होतं. जुनी गाडी त्याने विकली ती निराशेने नव्हे, ते सगळं संपलं म्हणून. आणि मग ही बाई एका संध्याकाळी पावाच्या व्हॅनमधून नवीन घेऊन आली, तोंडभर हसत. तिला नाही म्हणायचं तर तिथेच म्हणायला हवं होतं, आणि तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. मग त्याला वाटलं, गाडी चांगली आहे. घरात अजून एक माणूस आहे, हलक्या हाताचं. लावायला काय हरकत आहे?

तिला राग आला. आधी त्याचा, मग कानाच्या डॉक्टरांचा, मग स्वतःचा. मला नकोय ही, असं ती म्हणाली, तुझ्यासाठी आणली होती. तू नसशील बसणार तर परत जाऊ दे त्या गुरांच्या डॉक्टरांकडे. ती बरंच काही बोलली आणि त्याने ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती थकली आणि खोलीत पेट्रोलच्या वासाखेरीज काही उरलं नाही.

“एकदा बस,” तो म्हणाला. “मागची स्प्रिंग कोणी बसल्याशिवाय लावता येत नाही.”

त्याने हँडल खाली आणलं, क्लच आत घेतला, गिअरचा पाय जुळवला. यावेळी ती शेजारी उभी राहून बघत होती, आणि त्याला एकदाही मोजायची गरज पडली नाही. मग गाडी स्टँडवरून उतरवली. दातवाली बसली. त्याने मागे गुडघे टेकले आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप धरली. “वजन खरं सांगितलं असतंस तर हे लवकर झालं असतं,” असं तो पुटपुटला. ती ऐकत नव्हती. हात पुढे केले आणि दांडे बोटांखाली आले, शोधावे लागले नाहीत. पाय जिथे गेला तिथे गिअर होता. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या मापाच्या वस्तू बनवत आली होती. कोणी तिच्या मापाचं काही बनवावं ही गोष्ट तिच्या कल्पनेतही नव्हती. ती तशीच बसून राहिली, बराच वेळ, आणि त्यानेही घाई केली नाही.

रविवारी सकाळी त्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, डबा हलवून हलवून एकजीव केला. घरामागे मोकळी जागा होती, खणून टाकलेल्या मातीची, कुठे ढिगारे, कुठे खळगे. त्याच्या पलीकडे झाडं सुरू व्हायची. तो कुंपणाच्या भिंतीशी उभा राहिला, एक हात भिंतीवर. तिने त्याचं हेल्मेट घातलं होतं, आत कापड कोंबून. गाडी तिसऱ्या किकला उठली. धूर दोघांच्या मधून गेला आणि क्षणभर तिला तो दिसेनासा झाला.

ती निघाली. पहिला ढिगारा पार झाला, दुसराही. तिला आपलं अंग आठवलं, वीटभट्टीच्या आवारातलं, आणि ती हेल्मेटच्या आत मोठ्याने हसली. मग तिसऱ्या खळग्यात पुढचं चाक मऊ मातीत रुतलं, हँडल वळलं, आणि दातवाली गाडीसकट आडवी झाली. इंजिन बंद पडलं. सगळं एकदम शांत झालं. वर आभाळ होतं, तोंडात माती होती, मोडलं काहीच नव्हतं.

तिने मान वळवून पाहिलं. तो भिंतीपासून एक पाऊल पुढे आला होता. एवढ्यानेच तो डुलायला लागला आणि त्याने हात मागे नेऊन परत भिंत धरली. तिने वाट पाहिली. इतक्या वर्षांत ती कधी पडली तर तो धावत आला होता. शरीराला ती सवय होती आणि शरीर वाट पाहत होतं.

“मी येत नाहीये,” तो तिथूनच म्हणाला.  “हँडल पूर्ण वळव. गुडघ्यांतून उचल, पाठीतून नको.”

तिने हँडल वळवलं. गुडघे वाकवले. गाडी जड होती, सरकत होती, एकदा सुटली. दुसऱ्यांदा गाडी उभी राहिली आणि दातवालीही तिच्यासोबत उभी राहिली, धापा टाकत. तिने किक मारली, एक, दोन, कितीतरी. इंजिन उठलं.

“कुठपर्यंत जाऊ?” तिने ओरडून विचारलं.

तो काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात ते तिला ऐकू आलं नाही. हाताने मात्र तो झाडांकडे दाखवत होता. ती त्या बाजूला निघाली.